दादाच्या पिंजऱ्यातले मासे

माशांना चव कळते. ज्यांना फक्त माशांची चव कळते त्यांना हे सांगून पटत नाही, पण खरं आहे. ट्राउट दाणा तोंडात घेतो, जरा घोळवतो आणि नाही आवडला तर थुंकून टाकतो. मत्स्यखाद्य संशोधन केंद्रात मी खाद्य बनवते. दळणं, चाळणं, वाफ देणं, यंत्रातून दाणे पाडणं, वर तेल लावणं हे सगळं माझ्या खोलीत होतं, आणि टाकीच्या तळाशी थुंकलेल्या दाण्यांचा थर बघणं हाही माझ्या नोकरीचाच भाग आहे. घरच्या स्वयंपाकाला कुणी नावं ठेवली तर मी दोन दिवस तोंड फुगवून बसते. इथे शेकडो तोंडं रोज नावं ठेवतात आणि ते मला वर मॅडमना कळवावं लागतं.

घरात मला लहानपणापासून ठिणगी म्हणतात. नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलेलं नाही.

मॅडम आमच्या केंद्राच्या प्रमुख. त्यांच्या डोक्यात कित्येक वर्षं एकच किडा वळवळत होता. ट्राउट पडला शिकारी मासा. त्याला वाढवायचं तर समुद्रातले बारके मासे पकडून, वाळवून, त्यांची पूड त्याला खाऊ घालावी लागते. म्हणजे एक मासा ताटात यायला समुद्रातून किती तरी जायचे. आणि समुद्र काही कुणाच्या बापाचं कोठार नाही. मॅडमना ही पूड खाद्यातून पार काढून टाकायची होती. सोयाबीन, मक्याचं ग्लुटेन, यीस्ट आणि जवसाचं तेल एवढ्यावर मासा वाढला पाहिजे. आम्ही त्याला हिरवं खाद्य म्हणायचो, कारण गोणीवर हिरवा पट्टा होता. खाद्य स्वतः मातकटच होतं.

केंद्रातल्या टाकीत मासा वाढला म्हणून बाहेर वाढेलच असं नसतं. कुणाच्या तरी खऱ्या पाण्यात खाद्य घालून बघावं लागतं, आणि ज्या माशांवर घर चालतं त्यांच्यावर प्रयोग करू द्यायला कोण तयार होणार? माझा दादा झाला. धरणाच्या जलाशयात त्याचे जाळीचे तरंगते पिंजरे आहेत. मी त्याला विचारलंसुद्धा नव्हतं. जेवताना नुसती कुरकुर केली होती की कुणी पुढे येत नाही. तर म्हणाला, माझ्या पिंजऱ्यात घाल. वहिनीने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि आमटी वाढली.

गेल्या हंगामात दादाचे मासे असे काही वाढले की मॅडम स्वतः जलाशयावर जाऊन आल्या. दाणा पाण्यात पडायच्या आत मासे वर उसळत होते. आमच्या टाक्यांत तेच खाद्य मासे नाक मुरडत खायचे. मॅडम म्हणाल्या, मोकळं पाणी आहे, पोहायला जागा आहे, भूक लागते. मलाही पटलं. कौतुक कुणाला नको असतं? दादाच्या माशांच्या जोरावर मॅडमनी अहवाल लिहिला, एका कारखान्याने खाद्य बनवायला घेतलं, आणि या हंगामात जलाशयावरच्या सगळ्यांच्या पिंजऱ्यांकडे हिरव्या पट्ट्याच्या गोण्या गेल्या.

त्या मॅडमच्या अहवालामुळे गेल्या नाहीत. तिथे अहवाल कोण वाचतो? त्या दादामुळे गेल्या. वादळात कुणाचा पिंजरा दावं तोडून निघाला की पहिली उडी दादाची. कुणाकुणात भांडण झालं की मिटवायला दादा. त्याने धक्क्यावर सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं, "मी घालतो, तुम्ही घाला. काही कमीजास्त झालं तर मला धरा." मी तिथेच होते. मला तेव्हा त्याचा भारी अभिमान वाटला होता. आज तोच अभिमान आठवला तरी मला चीड येते.

*

वजन करायचं काम तराजूचं. तराजू हा माणूस आहे. खरं नाव दुसरं आहे, पण ते पगाराच्या दिवशीच ऐकू येतं. बादलीत पाणी, पाण्यात लवंगाच्या तेलाचे थेंब, त्यात मासा सोडला की तो गुंगतो. मग त्याला उचलायचं, काट्यावरच्या ओल्या स्पंजवर ठेवायचं आणि लगेच डोक्यावर ओलं फडकं टाकायचं. डोळ्यांवर अंधार आला की मासा धडपडत नाही, खवले निघत नाहीत, वजन नीट मिळतं. आमच्याकडे नवा माणूस आला की त्याला आधी फडकं पिळायला शिकवतात, मग बाकीचं. तराजूचा हात तर असा बसलेला की मासा बादलीतून काट्यावर जाताना मधेच कधी फडक्याखाली गेला ते दिसतसुद्धा नाही.

त्या दिवशी तराजूची दाढ सुजली होती. गाल धरून तो दारातूनच परत गेला आणि वजनं माझ्या गळ्यात पडली. मला त्या कामाची सवय नाही. माझे हात पिठात चालतात, माशावर नाही. हिरव्या खाद्याच्या टाकीतला पहिला मासा मी उचलला, काट्यावर ठेवला, आणि फडकं राहिलं बादलीच्या कडेवर.

माशाचा डोळा पांढरा होता.

शिजलेल्या माशाचा असतो ना, तसाच. भरीव, मण्यासारखा, मधे काळं काही नाहीच. मी चुलीवरून उतरवलेल्या माशात असा डोळा हजारदा बघितला आहे. पण ह्याचे कल्ले हलत होते. मी त्याला उलटा केला. दुसऱ्या बाजूचाही तसाच. मला वाटलं, एखादा रोगट असेल. दुसरा काढला. मग तिसरा. मग मी वजन वगैरे सोडून दिलं आणि नुसती मासे काढून बघत सुटले. त्या टाकीतला एकही मासा माझ्याकडे बघत नव्हता.

शेजारच्या टाक्यांत जुनं खाद्य, माशांच्या पुडीचं. तिथल्या माशांचे डोळे स्वच्छ, बाहुली काळी कुळकुळीत. मी त्यातल्या एका टाकीवर हात नेला तर सगळे झटकन तळाला गेले. मग हिरव्या खाद्याच्या टाकीवर नेला. हळूहळू खाली, पाण्याला टेकेपर्यंत. कुणी हललं नाही. एक मासा माझ्या बोटांना येऊन घासला आणि तसाच पुढे गेला. मी हात झटकन बाहेर काढला.

टाक्या गडद हिरव्या, वर झाकण, खोलीत मंद उजेड. झाकण उघडल्याचा आवाज झाला की मासे वर यायचे, गर्दीत दाण्याला तोंड लागलं की काही थुंकायचे, काही गिळायचे आणि आम्ही म्हणायचो, नाक मुरडत का होईना, खातात. अधूनमधून काही मासे कापायचे असत, तर ते डोक्यासकट दळून त्यांच्यात प्रथिनं किती, चरबी किती हे बघायचं. तराजू वजन बघायचा, मॅडम तक्ते बघायच्या, थुंकलेले दाणे मी बघायची. डोळे कुणाच्याच कामात बसत नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी.

मॅडम आल्या, त्यांनी तीन-चार मासे हातात घेऊन बघितले आणि पालथ्या बादलीवर बसल्या. त्यांना मी असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं. मग त्यांनी जे सांगितलं ते साधं होतं. हिस्टिडीन नावाचा प्रथिनांतला एक घटक असतो. माशांच्या पुडीत भरपूर, रक्तात तर खच्चून भरलेला, आणि आमच्या सोयाबीन-मक्यात बेताचाच. अंग वाढायला तेवढा पुरतो. पण डोळ्याच्या भिंगाला जास्त लागतो. अंगाने सगळा ओढून घेतला की भिंग उपाशी राहतं आणि पांढरं पडतं. आणि एकदा पांढरं पडलं की मग काहीही खाऊ घाला, ते पुन्हा उजळत नाही.

"पण तुझ्या दादाचे मासे?" त्या एकदम म्हणाल्या. "गेल्या हंगामाच्या शेवटी मी स्वतः आणले होते. अख्खे, डोक्यासकट. त्यांचे डोळे काचेसारखे होते."

ते खरं होतं. मीही बघितले होते. मग मॅडमना आठवलं की टाक्यांचं पाणी शुद्ध करायला हल्लीच एक नवा दिवा बसवला आहे, त्याचे किरण निसटून डोळ्यांना लागले असतील. जुन्या खाद्याच्या टाक्या त्याच पाण्यावर आहेत, हे त्यांनाही ठाऊक होतं आणि मलाही. पण बुडत्याला काडीचा आधार. त्या दिव्याबद्दल इतक्या बोलल्या की मलाही तो दिवा दोषी वाटू लागला. शेवटी ठरलं की मी जलाशयावर जाऊन यायचं. दादाचे या हंगामाचे मासे स्वच्छ निघाले तर दोष आमच्या टाक्यांत. नसले तर, असं म्हणून मॅडमनी वाक्य तिथेच सोडलं आणि चष्मा पुसायला घेतला.

माझ्या डोक्यात समुद्रही नव्हता आणि खाद्यही नव्हतं. धक्क्यावर उभा राहून सगळ्यांसमोर छाती ठोकणारा दादा होता.

*

जलाशयावर दुपारी पोचले. दादा मला घ्यायला बोट घेऊन आला, तोंडभर हसत. काय ठिणगे, आज कशी वाट चुकलीस, नोकरीवरून काढलं काय, असं त्याचं सुरू झालं. मी बोटीत चढले. बोट मास्तरांच्या पिंजऱ्यांवरून गेली. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त होऊन सगळी पुंजी पाण्यात घातलेला गृहस्थ. बोलणं असं हळू की ऐकायला पुढे झुकावं लागतं. त्यांच्या पिंजऱ्यांवर पक्ष्यांपासून जपायला ताणलेली जाळी होती, आणि तिच्यावर पाणकावळे ओळीने बसले होते. पंख पसरून, निवांत. त्यांच्या भाराने जाळी जिथे पाण्याला टेकली होती तिथून एकाने मान खाली घातली आणि मासा उचलला. खालचे मासे पांगले नाहीत.

पलीकडच्या पिंजऱ्यांवरही तसेच पक्षी. दादाच्या पिंजऱ्यांवर एकही नव्हता. मी विचारलं तर म्हणाला, "हल्ली फार माजलेत. मी हाकलतो म्हणून माझ्याकडे येत नाहीत."

मी चहासुद्धा नको म्हणाले. आधी मासा काढ म्हटलं. दादाने झोळी घातली आणि एक चांगला हातभर मासा वर काढला. मी त्याचं डोकं दोन्ही हातांत धरून उन्हाकडे वळवलं.

डोळा काळाभोर होता. कडेला सोनेरी वर्तुळ, मधे इतकी स्वच्छ बाहुली की त्यात मला माझाच ओढणी गुंडाळलेला आकार दिसला. दुसरा काढायला लावला, तिसरा, दुसऱ्या पिंजऱ्यातला. सगळे स्वच्छ. मी तिथेच फळीवर बसून हसायला लागले आणि हसताहसता रडले. दादा गांगरला. त्याने वहिनीला हाक मारली. मी म्हटलं, काही नाही रे, दिवा होता, मेला दिवा. मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, चला, म्हणजे गोण्या थांबवायला नकोत. त्यांच्या आवाजात इतकं हायसं होतं की मला त्यांची दया आली.

मग मी म्हटलं, आता दे चहा.

पिंजऱ्यांच्या मधोमध दादाची तरंगती खोली आहे. अर्ध्यात गोण्या, अर्ध्यात शेगडी आणि दोन खुर्च्या. आत पाऊल टाकलं आणि माझं नाक थबकलं. आयुष्य पिठात गेलं आहे माझं. सोयाबीनचा वास, यीस्टचा आंबूस वास, शिळ्या तेलाचा वास मला झोपेत ओळखू येतो. हा वास त्यातला नव्हता. गंजलेल्या लोखंडासारखा होता. गोण्यांच्या मागे निळं पिंप होतं. मी झाकण काढलं. आत विटकरी काळसर पूड, आणि वर वहिनीच्या स्वयंपाकघरातला जुना डाव.

"हे काय आहे?"

वहिनी शेगडीकडे वळली. दादा कान खाजवायला लागला. लहानपणी काच फोडली की तो असाच कान खाजवायचा.

"ते होय. ते काही नाही. चवीपुरतं."

"दादा, हे रक्त आहे. वाळवलेलं."

"कत्तलखान्यातून आणतो. चांगलं आहे ते, सुकवलेलं, स्वच्छ." मग त्याला बहुधा माझा चेहरा दिसला. "हे बघ, चिडू नकोस. गेल्या वर्षी तुझं खाद्य घातलं ना, तर मासे थुंकायला लागले. रोज तळाला थर. मी म्हटलं, आता ही पोरगी तोंडघशी पडणार, मॅडम हिला बोल लावणार. म्हणून तुझ्या वहिनीने तेलात कालवून ही पूड दाण्यांना चोळली. काय तुटून पडले! खाद्य तुझंच, वरून थोडं मीठ-मसाला समज."

"आणि या वर्षी?"

"या वर्षीही. मोडायची कशाला सवय?"

"मास्तरांना सांगितलंस? बाकीच्यांना?"

"त्यांना कशाला सांगू?" तो खरोखरच चकित झाला होता. "सांगितलं असतं तर तुझं खाद्य मासे खात नाहीत असं झालं नसतं का? आणि त्यांचे खातातच की. जरा कमी खातात, पण खातात."

मला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. माझी अब्रू राखायला त्याने माझ्याच प्रयोगात चोरून रक्त कालवलं होतं. मॅडमच्या अहवालातलं एकूणएक वजन त्या डावातून आलं होतं. आणि त्याच वजनाच्या भरवशावर अख्ख्या जलाशयाने कोरडं हिरवं खाद्य घातलं होतं.

मी त्याला सगळं सांगितलं. टाकीतला पांढरा डोळा, भिंग, रक्तात काय असतं ते. त्याला पहिल्यांदा समजलंच नाही. म्हणजे माझे चांगले आहेत ना, असं दोनदा म्हणाला. मग दारातून मास्तरांच्या जाळीवरच्या पाणकावळ्यांकडे बघत राहिला.

"सगळ्यांचे?" त्याने विचारलं.

"सगळ्यांचे. तुझे सोडून."

"औषध?"

"नाही. बाजारात आंधळा मासा कोण घेतो? आणि तोवर जगतील तेवढे जगतील."

तो खुर्चीवर बसला. दादा मोठा दांडगा माणूस आहे, पण बसताना त्याने खुर्चीचे हात चाचपले, म्हाताऱ्यासारखे. मी मॅडमना पुन्हा फोन करून पिंपाचं सांगितलं. गोण्या आत्ताच्या आत्ता थांबवते म्हणाल्या, आणि मग विचारलं, तुझ्या दादाला तिथे काही त्रास तर होणार नाही ना? मी फोन ठेवला. त्यांना जे लांबून दिसलं ते मलाही दिसत होतं. सगळ्या जलाशयात एकाच माणसाचे मासे धड, आणि तोच माणूस खाद्य घाला म्हणून सांगत फिरला. हे मी ऐकलं असतं तर मीही एकच अर्थ काढला असता.

वहिनीने चहा गाळायचा सोडून पिंपाला हात घातला. "ओतून टाकू पाण्यात. कुणी बघितलंय? नशिबाने वाचले म्हणायचं. कधीकधी वाचतात."

दादाने नुसती मान हलवली. नको की हो, ते मला कळलं नाही. तेवढ्यात बाहेर वल्ह्याचा आवाज आला.

*

मास्तर एकटेच आले होते. इंजिन न लावता, वल्हवत. त्यांनी बोटीतून एक बादली उचलून आमच्या फळीवर ठेवली आणि मग स्वतः चढले. मला नमस्कार केला. कधी आलात ताई, म्हणून विचारलंही. बादलीत एक मासा होता. त्याचं नाक जाळीवर घासून सोललं होतं आणि डोळे, ते मी सांगायला नको.

"सकाळी एक मेलेला वर आला, म्हणून बाकीचे काढून बघितले," मास्तर त्याच हळू आवाजात म्हणाले. "पलीकडे जाऊन आलो. त्यांचेही असेच आहेत. म्हटलं तुझ्याकडेही बघून यावं. बिचाऱ्याचं किती नुकसान झालं असेल. एक काढून दाखवतोस?"

दादाला नाही म्हणता आलं असतं. संध्याकाळी बघू, जाळं अडकलंय, काहीही. त्याने झोळी घातली.

मास्तरांनी खिशातून चष्मा काढून लावला. मासा हातात घेतला, एका बाजूने बघितला, उलटून दुसऱ्या बाजूने बघितला. मग वाकून त्याला हलकेच पाण्यात सोडलं. मासा त्यांच्या सावलीला बिचकून सरळ तळाला गेला. मास्तर तो गेला तिकडे बघत राहिले.

"तुझे शाबूत आहेत," ते म्हणाले.

मी पुढे झाले. मला सगळं सांगायचं होतं, माझं खाद्य, माझी चूक, आमच्या केंद्राची चूक, ते फडकं. पण दादाने मला हाताने मागे सारलं. अगदी लहानपणी रस्ता ओलांडताना सारायचा तसं.

"मास्तर, हिच्या खाद्यात खोट नाही," तो म्हणाला. "त्यात रक्ताची पूड मिसळावी लागते. मी मिसळत होतो. आत पिंप आहे."

"मग आम्हाला सांगितलं नाहीस?"

"नाही."

"विसरलास?"

दादाने माझ्याकडे बघितलं. त्या नजरेवरून पुढे काय येतंय ते मला कळलं आणि मी नाही, नाही म्हणून मान हलवली.

"नाही," तो म्हणाला. "मुद्दाम नाही सांगितलं."

मास्तरांचा चेहरा हलला नाही. मी ओरडले. तो खोटं बोलतोय म्हणाले, त्याला काही ठाऊक नव्हतं, त्याने माझ्यासाठी केलं, खाद्य मी बनवलं, मला विचारा, आमच्या मॅडमना फोन लावून देते. शब्दावर शब्द पडत होते आणि मलाच ऐकू येत होतं की हे सगळं बनवलेलं वाटतंय. मास्तरांनी मला पूर्ण बोलू दिलं. वर्गात एखादं पोर सबब सांगत असावं तसं, शेवटपर्यंत.

"ताई, तुम्ही बहीण आहात," ते म्हणाले. "तुम्ही दुसरं काय बोलणार?"

त्यांनी खोलीत डोकावून पिंप बघितलं, डाव बघितला, गोठलेल्या वहिनीकडे बघून मान लववली. मग बादली उचलून ते बोटीत उतरले. जाताना मात्र त्यांनी इंजिन लावलं.

मी दादाच्या दंडावर दोन्ही मुठींनी मारलं. गाढवा, बैला, जे तोंडात येईल ते म्हणाले. त्याने मारू दिलं. मग म्हणाला, "ऐक. तुम्हा केंद्रवाल्यांना डोळ्यांचं ठाऊकच नव्हतं असं कळलं तर परत कुणी तुझ्या हातचा एक दाणा घेईल? एवढी वर्षं घालवलीस. मला चार शिव्या देतील, विसरतील. मी इथलाच आहे."

तो असाच आहे. एकदा कालवलं तेवढं पुरलं नाही, म्हणून पुन्हा कालवलं. आणि दोन्ही वेळा माझ्या नावावर.

मास्तरांची बोट पलीकडच्या पिंजऱ्याला लागली. तिथला माणूस काम थांबवून उभा राहिला, ऐकलं आणि त्याने मान वळवून आमच्याकडे बघितलं. बोट पुढच्याकडे गेली. तोही वळला. कुणी ओरडलं नाही, हातवारे केले नाहीत. बोट जिथे जिथे जात होती तिथलं इंजिन, पंप, बोलणं बंद पडत होतं, आणि जलाशय इतका शांत झाला की वहिनीच्या शेगडीवर चहा उतू गेल्याचा आवाज मला बाहेर ऐकू आला. दादा वहिनीला म्हणाला, हिला घेऊन धक्क्यावर जा. वहिनी म्हणाली, मी कुठेही जाणार नाही. मीही गेले नाही.

मग तिकडे इंजिनं सुरू झाली, एकामागून एक, आणि बोटी आमच्याकडे वळल्या. जलाशयावर रीत आहे, बोट आली की आलेल्याने दोर फेकायचा आणि पिंजरेवाल्याने तो धरून बांधायचा. कितीही भांडण असलं तरी दोर धरायचा. दादा शर्टाला हात पुसत फळीच्या टोकाला जाऊन उभा राहिला, दोर धरायला. मी मागून त्याचा शर्ट मुठीत घट्ट धरला. बोटी जवळ आल्या, माणसांचे चेहरे ओळखू यायला लागले, एकेकाचे हात दिसायला लागले. दोर कुणाच्याच हातात नव्हता.